इंजिनाच्या पोटातल्या अक्षता

“प्लगच तर बदलायचेत मिस्त्री, त्यात काय एवढं?”

हे वाक्य मी उभ्या आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी म्हटलं तर नुसता हसतो. पूर्वी चिडायचो. कारण असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरी मला हटकून पुन्हा जावं लागायचं. तेव्हा हा पठ्ठ्या दारात तोंड पाडून उभा, आणि मागं त्याची बायको कमरेवर हात ठेवून.

परभणीत माझं गॅरेज होतं. गुडघ्यांनी ऐकायचं सोडलं तेव्हा ते दुसऱ्याला देऊन टाकलं आणि लोकांच्या घरी जाऊन बारीकसारीक कामं करायला लागलो. घरी जाऊन गाडी दुरुस्त करण्याची तऱ्हाच वेगळी. गॅरेजात गिऱ्हाईक गुमान बाकड्यावर बसतं. स्वतःच्या दारात मात्र त्याला जोर येतो. खुर्ची येते, चहा येतो, शेजारी येतो, शेजाऱ्याचा मेव्हणा येतो. ज्यानं जन्मात सायकलची चेन बसवली नाही, तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणतो, “मिस्त्री, मला वाटतं कॉइल गेली.” मी म्हणतो, “वाटू द्या.”

ज्यांना या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेट्रोल असो की गॅस, इंजिनात नुसतं भरून भागत नाही, त्याला काडी लावावी लागते. ती काडी म्हणजे प्लग. चार भोकं, चार प्लग. त्यातला एखादा नीट पेटला नाही की गाडी आचके देते, चढावर दम टाकते. आमच्याकडं त्याला ‘गाडी मिसिंग मारायलीय’ म्हणतात. हल्ली गावोगावी गॅसवर चालणारे छोटे पिकअप झालेत. त्यांचं इंजिन सीटखाली असतं. सीट उचलली की सगळं समोर मांडून ठेवल्यासारखं दिसतं. तिथंच घात होतो. माणसाला वाटतं, हे तर आपल्यालाच जमेल.

प्लग काढणं सोपं आहे, मी मान्य करतो. बसवणं अवघड. इंजिनाचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा, म्हणजे मऊ. प्लग लोखंडाचा. भोक इतकं खोल, की आत हातही जात नाही अन् नजरही. प्लग जरा तिरपा लागला आणि तुम्ही वरून पाना फिरवला, की आतले आटे गेलेच म्हणून समजा. मग सगळं इंजिन उघडत बसा. म्हणून पहिले वेढे पान्यानं द्यायचेच नाहीत, वरून नळी जोडून बोटांनी द्यायचे. बोटाला कळतं, आटा आट्यात बसला की नाही ते. पान्याला काही कळत नाही.

हे सांगूनही लोक ऐकतील तर शपथ. गंगाखेडचा एक ऊसवाला प्लगवरची काजळी जावी म्हणून ते चहाच्या पातेल्यात उकळायचा. त्याच्याकडं मी एकदा चहा प्यालो, आणि पुढं कधीही गेलो की “आत्ताच झाला” म्हणायचो. परभणीतल्या एका गिऱ्हाइकाच्या आईनं तर प्लग चिंच लावून घासले होते, देवाची भांडी घासतात तसे. चकाकत होते बिचारे. गाडी काही चालू होत नव्हती. बाई मला म्हणाल्या, “आता अजून किती साफ करू?”

पण या सगळ्यांवर कडी केली ती माणिकनं. खरं तर माणिकच्या मायनं.

माणिकचा आखाडा पोखर्णीच्या अलीकडं, गंगाखेड रोडला लागून आत. आखाडा म्हणजे शेतातलं घर. माणिक, त्याची बायको रुक्मिण आणि माय गयाबाई. पोरगा भला, हाताचा चपळ, पण उतावळा. त्याच्या पिकअपचं काम मी अधूनमधून करायचो. रुक्मिण कमी बोलणारी. गयाबाई मात्र दोघांच्या वाटचं बोलायची.

त्या वर्षी रुक्मिणनं विहिरीजवळच्या तुकड्यात झेंडू लावला होता. दसऱ्याचा झेंडू म्हणजे जुगारच. दसऱ्याच्या सकाळी त्याला मान, दुपारनंतर कुणी विचारत नाही. बाजारात रस्त्यावर टाकून लोक निघून जातात, गुरं खातात. गयाबाईला त्या तुकड्यात सोयाबीन पाहिजे होतं. मी मध्ये एकदा गेलो होतो तेव्हा तिनं माझ्यादेखत सुनेला सुनावलं होतं, “फुलं काय खायची हायेत का? घरात यवडी मानसं हायेत, एकाला तरी इचारायचं व्हतं.” रुक्मिणनं पाण्याचा पाइप उचलला आणि झेंडूकडं गेली. माणिक दोघींच्या मधी उभा राहून मोबाइल बघत होता.

आता खंडेनवमीचं सांगितलं पाहिजे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही कारागीर लोक आमच्या हत्यारांची पूजा मांडतो. पाने, पकडी, जॅक, सगळं धुऊन पुसून पाटावर. हळदकुंकू, फुलं, अक्षता. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्याराला वर्षातून तेवढीच सुट्टी. सगळ्या परभणीतले मिस्त्री त्या दिवशी बेकार, ड्रायव्हर बेकार. गाड्या हार घालून दारात उभ्या. काहीही झालं तरी त्या दिवशी गाडीचं काम काढायचं नाही, एवढं शहाणपण लोकांकडं असतं. माणिककडं नव्हतं.

सकाळी माझी पूजा झाली, हिनं नैवेद्य दाखवला, आणि माणिकचा फोन आला.

“मिस्त्री, लय घोळ झालाय. मायनं गाडीच्या पोटात तांदूळ टाकले.”

मला वाटलं, गाडीच्या टपावर टाकले असतील. म्हटलं, “मग झाडून काढ की.”

“पोटात म्हनलं ना! प्लगच्या भोकात!”

मी खाली बसलो. मग हळूहळू सगळं कळलं. गाडी काही दिवसांपासून मिसिंग मारत होती. बाजाराच्या दिवशी दगा नको म्हणून माणिकनं नवे प्लग आणून ठेवले होते. मोबाइलवर बघितलं, पाच मिनिटांचं काम. पहाटे उठून तिघांनी झेंडू खुडला, पोती भरून गाडीत लादली, आणि याला तेव्हा सुचलं की आता प्लग बदलू. सीट उचलली, चारही प्लग एकदम काढले, आणि नवे आणायला हा घरात गेला. तेवढ्यात गयाबाई पूजेचं ताट घेऊन आली. पूजा केल्याबिगर गाडी हलू द्यायची नाही, असं तिचं म्हणणं. येऊन बघते तर सीट उघडी, इंजिन पुढ्यात, आणि चार तोंडं आ वासून. तिला वाटलं, पोरानं पूजेसाठीच उघडं करून ठेवलं. मग काय! एकेका भोकात हळद, कुंकू, वरून अक्षता. मनोभावे.

“किल्ली फिरवली का?” मी विचारलं.

“न्हाई.”

“फिरवू नको. किल्ली काढ, रुक्मिणकडं दे. तू हात लावू नको.”

“मिस्त्री, दुसरी गाडी भेटायली न्हाई. समद्यांनी हार घातलेत. पोत्यात फुलं तापायलीत.” मग आवाज खाली आला. “अन् हिनं रडायला सुरू केलंय.”

दसऱ्याच्या झेंडूचा बाजार आदल्याच दिवशी भरतो. त्यात झेंडू पोत्यात कोंबला की आतून तापतो, काळा पडतो. दुपार टळली की रुक्मिणची सगळ्या हंगामाची मेहनत उकिरड्यावर. मी उठलो, पूजेतल्या प्लगच्या पान्याकडं हात नेला, आणि मागून आवाज आला.

“काय करायलाव?”

मी हिला सगळं सांगितलं. ती हळहळली, पण हलली नाही. “जावा. पर पूजेतला पाना उचलायचा न्हाई. वर्षभर त्याच्यावरच खाल्लंय.”

मी कपाळावर हात मारला. तिच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही, त्या दिवशी वेळही नव्हता. स्कूटरवर बसलो. स्कूटरलाही हार होता, तो काढायचं भान राहिलं नाही. रस्त्यानं लोक वळून बघत होते. म्हातारा मिस्त्री, रिकाम्या हातानं, हार घातलेल्या स्कूटरवर, भलताच घाईत.

आखाड्यावर पोचलो तेव्हा झाडाखाली पिकअप उभा होता. पिवळी-केशरी फुलं पोत्यांच्या तोंडातून डोकावत होती. माणिक येरझारा घालत होता. रुक्मिण पोत्यांवर ओला कपडा टाकत होती, डोळे सुजलेले. गयाबाई ओट्यावर, रिकामं ताट मांडीवर घेऊन.

मी मोबाइलचा उजेड भोकात टाकला. खाली पिस्टनवर लाल-पिवळा सडा आणि त्यात पांढरे दाणे. मी बरंच काही पाहिलंय, पण इंजिनाच्या आत रांगोळी नव्हती पाहिली. खरं सांगतो, हसू आलं. रुक्मिणकडं बघून दाबलं.

“कुंकवाचं भ्या नाही,” मी म्हटलं, “ते फुंकरीनं निघतं. दाणा वाईट. आतली झाकणं उघडमीट करतात, त्यात एखादा दाणा सापडला की इंजिन गेलं.”

झालं. एवढ्यावर रुक्मिणचा बांध फुटला. सासूकडं वळून म्हणाली, “आत्याबाई, पयल्या दिसापून तुमच्या डोळ्यांत सलायली ही फुलं. आता झालं ना तुमच्या मनासारखं?”

गयाबाईनं मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. माणिक म्हणाला, “अगं, ती काय मुद्दाम...” आणि रुक्मिणनं नुसतं बघितलं तसा तो पोत्यांकडं वळला.

मी म्हटलं, “भांडण नंतर करा. खराटा आणा.”

माझ्याकडं पाना नव्हता, काही नव्हतं. खराट्याच्या लांब काड्या काढल्या, टोकाला ग्रीस लावलं. काडी भोकात सोडायची, दाण्यावर टेकवायची, चिकटला की अलगद वर. पण पिस्टन खाली असला की काडी पोचत नाही. मग तो वर आणायचा कसा? किल्ली फिरवायची सोय नाही. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मागून ढकलायला लावली. चाकं फिरली की इंजिन फिरतं. जोरात नाही, इंच इंच.

“हं... हं... अजून... बास! बास म्हनलं ना!”

माणिक जोरात ढकलायचा आणि पिस्टन वर येऊन परत खाली जायचा. मी ओरडायचो, “अरे माणसा, गाडी ढकल, डोंगर नको ढकलू!” रुक्मिण एका बाजूनं, माणिक एका बाजूनं, पोत्यांच्या वजनासकट. तेवढ्यात गाडी एकदम हलकी चालायला लागली. वळून बघतो तर मध्ये गयाबाई, पदर खोचून, डोकं खाली घालून ढकलायलीय.

पिस्टन वर आला की मी थांबवायचो. मग उजेड धरायला कुणीतरी लागायचं. गयाबाईनं मोबाइल घेतला. माझी काडी आत, तिचं तोंड माझ्या कानाशी. एकेक दाणा वर यायचा, ती तो काडीवरून बोटानं काढून पदरात बांधायची. शेवटच्या भोकाशी होतो तेव्हा ती बोलली. माझ्याशी नाही, सुनेशी नाही, भोकाकडं बघून.

“मी काय वाईट व्हावं म्हणून टाकल्या का? देवाला म्हनलं, हिची फुलं नीट जाऊ दे बाजारात. म्हणून जरा जास्तीच्या टाकल्या.”

रुक्मिण मागं उभी होती. ऐकलं तिनं. आणि पोत्यांवरचा कपडा पुन्हा ओला करायला वळली.

दिसणारे दाणे निघाले. न दिसणाऱ्यांचं काय? त्याला एकच उपाय. भोकं उघडीच ठेवायची, गॅस बंद, प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलींच्या वायरी काढलेल्या, आणि आता स्टार्टर मारायचा. प्लग नसले की पिस्टन आतली हवा जोरात भोकातून वर फेकतो. उरलंसुरलं बाहेर. मी भोकांवर ओला फडका टाकला, रुक्मिणला किल्ली फिरवायला सांगितलं, आणि एक चूक केली. वाकून बघत राहिलो.

फडका उडाला. हळदीकुंकवाचा ढग भस्सकन वर आला आणि सगळा माझ्या तोंडावर. खोकत, शिंकत मागं सरलो. डोळे पुसून बघतो तर माणिक हसू दाबायलाय, आणि रुक्मिण, जी सकाळपासून रडत होती, ती पदरात तोंड लपवून हसायलीय. गयाबाई म्हणाली, “आता मिस्त्रीची बी पूजा झाली.” मलाही हसू आवरेना.

पण खरं काम पुढंच होतं. प्लग बसवायचे. माणिकचा पाना घेतला, बाजूला ठेवला. फवारणीच्या पंपाच्या रबरी नळीचा तुकडा मागितला. ही आमची युक्ती आहे. प्लगच्या शेपटीला नळी घालायची आणि नळीनं प्लग खोल भोकात सोडून हळू फिरवायचा. तिरपा लागला तर नळी निसटते, आटे वाचतात. मी पहिला प्लग सोडला, नळी फिरवली. आणि मला काही कळलंच नाही.

शुगरनं बोटं बधिर झालीत माझी. रोजच्या कामात चालून जातं, ओळखीच्या पान्याचा अंदाज असतो. पण त्या दिवशी नळी फिरतेय की निसटतेय, आटा धरला की नाही, काही म्हणता काही कळेना. ज्या बोटांवर मी सगळी कमाई केली, ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी झाली होती. वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. रेटून करायला गेलो असतो आणि आटे गेले असते, तर रुक्मिणच्या फुलांवर पाणी.

“रुक्मिण,” मी म्हटलं, “इकडं ये. हात पूस.”

“मी?”

“तूच. पहाटेपासून देठ न दुखवता फुलं खुडलीस ना? तसंच करायचं. आधी जरा उलटं फिरव. टक् करून खाली बसल्यासारखं वाटलं की मग सुलटं.”

माणिक पुढं झाला, “मी करतो की मिस्त्री.” गयाबाईनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं. “तू गप ऱ्हा. तिला करू दे.”

रुक्मिणनं नळी धरली. उलटं फिरवलं. थांबली. डोळे मिटले. “बसलं,” म्हणाली. मग सुलटं, एक वेढा, दुसरा वेढा, जिथं नळी आपोआप घसरायला लागली तिथपर्यंत. मी वरून पान्यानं थोडं आवळलं. तेवढंच. दुसरा, तिसरा, चौथा तिनंच बसवला. चौथ्याला एकदा नळी निसटली. तिनं काढला, परत सोडला, घाई केली नाही. मी इतकी वर्षं लोकांना ओरडून सांगत होतो ते तिनं एकदाच ऐकून केलं.

कॉइली लावल्या, सीट खाली केली, गॅस सुरू केला. माणिक किल्लीशी बसला. गयाबाई हात जोडायला गेली आणि मध्येच थांबली. मी म्हटलं, “जोडा की. हातच जोडा फक्त.”

किल्ली फिरली. इंजिन एकदा खाकरलं, दुसऱ्यांदा खाकरलं, मागून लालसर धूर आला, आणि लागलं. सुरळीत. मी कान लावून ऐकलं. खट्ट नाही, आचका नाही. माणिकनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि तो ओरडला, “चला, चला, बसा!”

गयाबाई पुढं बसायलाच तयार नाही. मागं पोत्यांवर चढून बसली, म्हणाली, मी पोत्यांची तोंडं उघडी धरते, वारा लागू दे. मी स्कूटरवरून त्यांच्या मागं मागं निघालो, तोंडावर हळदकुंकू तसंच. रस्ताभर ती पोत्यांत हात घालून खालची फुलं वर, वरची खाली करत होती.

परभणीत पोचलो तेव्हा बाजार गच्च भरला होता. जिकडं तिकडं झेंडू. चांगल्या जागा केव्हाच गेलेल्या. माणिकनं गाडी एका कोपऱ्यात कशीबशी घुसवली. रुक्मिणनं तागडी काढली, फुलं ओतली. वरची जरा कोमेजलेली, खालची ठीक. तिचा चेहरा उतरला. आमच्याकडं कुणी बघेना, समोर ढिगाऱ्यावर ढिगारे पडलेले. मी घरी निघणार होतो, पण पाय निघेना.

एक बाई गाडीवरून उतरल्या, फूल उचलून नाकाशी नेलं, खाली टाकलं. “कालचा दिसतोय झेंडू.”

रुक्मिण गोंधळली. तेवढ्यात पोत्यावरून गयाबाई उठली.

“कालचा? कालचा म्हनती का ह्याला? माझ्या सुनेच्या वावरातला हाय ह्यो. तिनंच लावला, तिनंच पानी दिलं, आज पहाटं तिनंच खुडून घेतला. मी सोयाबीन पेर म्हनत व्हते, माझं ऐकलं न्हाई ते बरं केलं बगा तिनं. देठ बगा, हातात घेऊन बगा.”

बाईंनी पुन्हा फूल उचललं. चोळून पाहिलं. “द्या,” म्हणाल्या, “तोरणापुरता द्या.”

रुक्मिणनं तागडी उचलली. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात ओंजळभर फुलं, आणि ती सासूकडं बघत तशीच उभी राहिली. पारडं वरखाली व्हायलं होतं, तिचं लक्षच नव्हतं.

“अहो ताई,” त्या बाई म्हणाल्या, “तोलताय ना?”